राखण

मार्च उजाडला की झाडीपट्टीतल्या पहाटेला मोहाचा वास येतो. गोड, जड, थोडासा आंबूस. रात्रभर फुलं गळत असतात आणि तांबडं फुटायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेल्या असतात. उशीर झाला की गुरं आणि हरणं फुलं खाऊन टाकतात, ऊन चढलं की ती कोमेजतात, म्हणून ही घाई. मोह वेचायचा तर झाडाखालची जमीन मोकळी हवी, नाहीतर फिकट पिवळं फूल पाचोळ्यात दिसेनासं होतं. जमीन मोकळी करायचे मार्ग दोन. एक तर काडी ओढायची. पाचोळा बघता बघता जळून जातो आणि काळ्या राखेवर फुलं उठून दिसतात. नाहीतर खराटा घेऊन झाडायचं. त्याला वेळ लागतो, कंबर धरते, आणि घरी चूल, लेकरं, पाणी वाट पाहत असतात. पण ओढलेली काडी त्या एका झाडाखाली थांबतेच असं नाही. वारा सुटला की दुपारपर्यंत अख्खी टेकडी पेटलेली असते. नुकती उगवलेली रोपं, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी, सरपटणारे जीव, सगळं त्यात जातं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांत उन्हाळ्यात लागणाऱ्या वणव्यांपैकी कित्येक असेच मोहाच्या झाडाखाली सुरू होतात.

म्हणून या प्रस्तावनेची सुरुवात मी वाघापासून न करता खराट्यापासून करते आहे. जंगल टिकणार की जळणार, याचा निर्णय नागपूरच्या वनभवनात आणि मुंबईच्या मंत्रालयात जितका होतो, तितकाच रोज पहाटे काडी की खराटा या प्रश्नाशी उभ्या असलेल्या बाईच्या हातून होतो. ज्या गावांनी खराटा निवडला, त्या गावांत तो कसा निवडला गेला, कुणी आग्रह धरला, कुणी विरोध केला, हे समजून घेणं म्हणजे इथलं वनरक्षण समजून घेणं.

एक शब्द आधी नीट पाहून घेऊ. 'संवर्धन' हा शब्द आपल्याकडे पुस्तकातून आला. बोलणाऱ्यांचा शब्द 'राखणं'. शेत राखतात, गुरं राखतात, लेकरू राखतात, शब्द राखतात. यातली बरीच राखण पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्याच वाट्याला आलेली आहे. याच धातूपासून सरकारी मराठीत आणखी एक शब्द झाला: राखीव. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने जंगलं राखीव झाली आणि राखणारी माणसं बाहेरची ठरली. कालपर्यंत जी बाई सरपणाची मोळी आणत होती, ती तीच मोळी घेऊन येताना गुन्हेगार झाली. नाक्यावर अडवली जाऊ लागली, कुऱ्हाड जप्त होऊ लागली, सोडवायला कधी पैसे, कधी कोंबडी द्यावी लागू लागली. आपलं राहिलं नाही ते माणूस राखत नाही. जंगल सरकारचं झालं, मग रात्री ट्रक लावून सागवान नेणाऱ्यालाही गाव अडवेना. 'राखीव'पासून पुन्हा 'राखण'कडे येण्याचा प्रवास या दोन जिल्ह्यांत गेली चाळीस वर्षं चालू आहे आणि माझ्या समजुतीने तो मुख्यतः बायकांनी केलेला प्रवास आहे.

प्रदेशाची थोडी ओळख. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता. त्या दिवशी गडचिरोली वेगळा झाला. चंद्रपूरच्या वाट्याला ताडोबा आला, कोळशाच्या खाणी आल्या, वीज केंद्र आलं. गडचिरोलीच्या वाट्याला वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावतीच्या मधलं अफाट जंगल. जिल्ह्याचं क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आणि त्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग आजही झाडांखाली. गोंड, माडिया, परधान, कोलाम, हलबा, कंवर, ढीवर, गोवारी अशी इथली माणसं. गोंडांत चार, पाच, सहा, सात देवांची कुळं आणि कुळागणिक राखायचं झाड, पक्षी, प्राणी वेगळा. ज्या कुळाचा जो जीव, तो त्या कुळाने मारायचा नाही. पर्यावरणाची भाषा इथे पोचायच्या कितीतरी आधीची ही राखण आहे. ती पुरेशी होती असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच समाजात सामूहिक शिकारही होती आणि आहे.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड गाव आता देशभर ठाऊक आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्या गावाशी कायमची जोडली गेली, आणि ती योग्यच आहे. पण मेंढ्याच्या कहाणीचा एक दुवा लोक भरभर सांगून पुढे जातात, तिथे मला थांबायचं आहे. जंगलाचे नियम करण्याआधी गावाने दारूचा प्रश्न सोडवला आणि तो लावून धरला बायकांनी. याचा जंगलाशी काय संबंध, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. संबंध अगदी सरळ आहे. ठेकेदाराला जंगलात शिरायचं असेल तर तो गावातल्या चार माणसांना पाजतो. प्यालेल्या माणसाच्या अंगठ्याला किंमत राहत नाही. रात्री मार खाल्लेली बाई सकाळच्या सभेत तोंड उघडत नाही. ग्रामसभा शुद्धीवर हवी असेल तर गाव शुद्धीवर हवं, हे बायकांना कुठल्याही शिबिराशिवाय कळलेलं होतं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायकांनी त्यासाठी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर पायी मोर्चा नेला. त्यांना बंदी मिळायला २०१५ उजाडलं आणि २०२१ मध्ये ती उठलीही. दारूबंदी हा जंगलाच्या इतिहासातला अध्याय आहे, असं मला वाटतं. तो तसा लिहिला मात्र जात नाही.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. या पद्धतीचा सगळ्यांत मोठा फायदा कुणाला झाला असेल, तर बायकांना. हात वर करून मोजणी झाली असती तर घरातल्या पुरुषाकडे बघून हात वर गेले असते. सर्वसहमतीत मात्र गप्प बसलेल्या बाईलाही 'तुझं काय?' असं विचारावं लागतं. ती बोलेपर्यंत थांबावं लागतं. २००९ मध्ये मेंढ्याला १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तो देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी होता. त्यानंतरही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. कागदाच्या मिल्सना वर्षानुवर्षं नाममात्र दराने गेलेला बांबू त्या दिवसापासून गावाचा झाला.

ज्या कायद्यामुळे हे घडलं, तो २००६ चा वनहक्क कायदा. ३१ डिसेंबर २००७ पासून तो अमलात आला. त्याच्या कलम ५ ने वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका असल्याच पाहिजेत आणि वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघाला पाहिजे, असं कायदा सांगतो. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव कधी चढलं नाही, त्यांचं नाव जंगलाच्या कागदावर चढलं. कागदावर चढलं म्हणजे सगळीकडे प्रत्यक्षात उतरलं असं नाही. अनेक समित्यांत बाईची सही घरपोच घेतली जाते, हे या भागात फिरलेल्या कुणालाही माहीत आहे. तरीही, दार उघडलं. आज एकट्या गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. भारतातल्या दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात हे काम इतकं खोल गेलेलं क्वचितच दिसेल.

चंद्रपूर जिल्ह्यातलं गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव मला मेंढ्याइतकंच मोलाचं वाटतं. २०१२ मध्ये त्या छोट्या गावाला हजारभर हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. पारोमिता गोस्वामी यांच्या संघटनेची त्यात साथ होती. हक्क मिळाल्यावर गावाने बसून नियम केले आणि त्यातला एक असा की तेंदूपान तोडायचं नाही. हा निर्णय किती अवघड, हे समजायला तेंदूचा हंगाम पाहायला हवा. मे महिन्याचं ऊन. पहाटे जंगलात जाऊन पान तोडायचं, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पुडे बांधायला घरातलं प्रत्येक माणूस बसतं, आजीपासून शाळकरी पोरीपर्यंत. पावसाळ्याआधी हातात येणारा रोख पैसा तो एवढाच. त्यावर बियाणं येतं, वह्या येतात, लग्नाचं कर्ज फिटतं. तो सोडायचा! पण पान कोवळं मिळावं म्हणून आधी झुडपं छाटली जातात, आगी लावल्या जातात, फांद्या तोडल्या जातात. तेंदूचं फळ धरत नाही, आणि ते फळ माणसंही खातात, अस्वलंही खातात. गावाने हिशेब केला: बांबूचं उत्पन्न आहे तर पानाचं सोडू. शिवाय जंगलाचा एक तुकडा पूर्ण न वापरता देवाधर्माच्या नावाने राखून ठेवला. माधव गाडगीळांनी पाचगावविषयी पुन्हा पुन्हा लिहिलं, ते याचसाठी. तेंदूच्या पैशात घरच्या बाईचा वाटा आणि घाम सर्वांत जास्त असतो. म्हणून पाचगावचा त्याग मोजताना तो कुणाच्या पदरी पडला, हेही मोजायला हवं.

उत्तरेला कोरची तालुक्यात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे सुरुवात बचत गटांपासून झाली. कुरखेड्याच्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेने, म्हणजे डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी, वर्षानुवर्षं बायकांचे गट बांधले. आधी आजारपण, मग घरातली मारहाण, मग दारू, मग जंगल अशी ही वाट. कुमारीबाई जमकातन यांच्यासारख्या बायका त्यातूनच पुढे आल्या. कोरचीतल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, तेव्हा ती पुरुषांची पंचायत होऊ नये यासाठी आग्रह धरायला त्या तिथे होत्या. झेंडेपारच्या डोंगरातल्या लोहखनिजाला या तालुक्याने विरोध केला, त्यातही बायका पुढे होत्या. खाण आली की रोजगार येतो, असं सांगितलं जातं. खाण आली की पाण्याचा झरा कुठे जातो, मोहाची झाडं कुणाची होती, ट्रकच्या रस्त्यावरून पोरी शाळेत कशा जातील, हे प्रश्न सभेत बायका विचारतात. दक्षिणेला एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर ठाकुरदेवाचा. तिथे खाण सुरू झाली आहे आणि देवाची यात्राही भरते आहे. त्या डोंगराकडे पाहताना मला काय वाटतं, ते इथे लिहून पुरं होणार नाही.

आता वाघ. ताडोबा हे १९५५ मधलं, राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. २०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ निघाले, त्यांतले ९७ या प्रकल्पात. जंगलाबाहेर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात, भातशेतीच्या बांधाबांधाने फिरणारे वाघ वेगळे. याचा अभिमान सगळ्या महाराष्ट्राला आहे आणि त्याची किंमत या पट्ट्यातली गावं देत आहेत. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपान तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बायका जास्त का सापडतात, याचं उत्तर त्यांच्या कामात आहे. मोह वेचणारी, पान तोडणारी, सरपण गोळा करणारी, भात कापणारी बाई तासन्‌तास वाकलेली असते. वाकलेलं माणूस मागून चार पायांच्या जनावरासारखं दिसतं. मृताच्या घरच्यांना आता २५ लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत. त्याबरोबर चुलीला गॅस मिळाला तर एक मोळी कमी आणावी लागते, एक फेरी वाचते. बफरमधल्या गावांना सवलतीत गॅस देणाऱ्या जन-वन योजनेचा मला म्हणूनच आदर वाटतो. सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की ती योजना कोपऱ्यात उभी राहते, हेही खरं.

वाघाच्या बाजूने उभ्या असलेल्या बायकाही याच गावांतल्या आहेत. ताडोबाच्या फाटकांवर आज गाईड म्हणून, जिप्सीचालक म्हणून गावच्या मुली दिसतात. वनरक्षक म्हणून तर बीट सांभाळणाऱ्या कितीतरी जणी आहेत: पायी गस्त, पाणवठ्यांची पाहणी, ठशांची नोंद, वणव्याच्या दिवसांत जाळरेषेवर उभं राहणं. २० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा परिक्षेत्रात गणनेची खुणा-पाहणी करत असताना वनरक्षक स्वाती ढुमणे 'माया' वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. वाघीण वाटेवर बसलेली दिसल्यावर त्या आणि बरोबरचे मजूर थांबले होते, वाट बदलून जात होते. वाघांचा जो आकडा आपण अभिमानाने सांगतो, तो गोळा करताना हे घडलं. आकडा सांगताना त्यांचं नाव घ्यावं, एवढी माझी विनंती आहे.

ज्याला फोटो मिळत नाही, त्याची राखण कोण करणार? लांडग्याचं उदाहरण घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्याच ओळीत बसलेला आहे. देशात त्याची संख्या तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघापेक्षाही कमी, आणि त्याच्या नावाने तिकीट काढून फारसं कुणी जात नाही. तो माळरानाचा, मेंढपाळांच्या वाटेवरचा प्राणी. पश्चिमेकडच्या सोलापूर-पुण्याच्या माळांवर तो टिकला, तो धनगरांनी त्याचा त्रास सोसला म्हणून. झारखंडच्या पलामूत १९७६ मध्ये खास लांडग्यासाठी अभयारण्य झालं, त्या जागेचं नाव महुआडांड. नावातच मोह. लांडगी पिल्लं घालते ते दिवस थंडीचे. पिल्लं सुखरूप वाढतात ती गावानेही त्यांच्याकडे काणाडोळा केला म्हणून. ताडोबातला कोळसून, म्हणजे रानकुत्रा, हाही असाच दुर्लक्षित. इंग्रजांच्या काळात लांडगा आणि कोळसून मारणाऱ्याला बक्षीस मिळे. अशा बिनकौतुकाच्या जिवांचं भवितव्य पर्यटनावर ठरत नाही. ते ठरतं बकरी गेल्यावर घरच्या बाईने विष घालायचं की सोसायचं, यावर. झाडीपट्टीत घरची बकरी बहुधा तिचीच असते.

सोसण्याचा हा भार सारखा वाढतोच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. या पिढीला हत्तीची राखण ठाऊकच नव्हती. धान पिकलं की हत्ती शेतात, मोह वाळत घातला की हत्ती अंगणात. रात्रीचं जागरण हे नवं काम घराघरांत आलं.

अशी राखण देशात इतरत्रही आहे. ओडिशाच्या गावांत 'ठेंगापाळी' नावाची पद्धत आहे. रात्री ज्याच्या दाराशी काठी टेकवलेली सापडेल, त्याने सकाळी जंगलाच्या गस्तीला जायचं. उत्तराखंडात २६ मार्च १९७४ ला रेणी गावच्या गौरादेवी आणि तिच्या सख्या झाडांना बिलगल्या, तेव्हा पुरुष गावात नव्हते. आसामात पूर्णिमा देवी बर्मन यांच्याभोवती हजारो बायका हरगिला करकोच्यासाठी उभ्या राहिल्या. हे सगळं आपण 'स्वयंसेवा' या शब्दात बसवतो, आणि त्या शब्दाची मला भीती वाटते. स्वयंसेवक म्हणजे ज्याच्याकडे वेळ उरतो तो. या बायकांकडे तो कधीच उरत नाही. घरच्या कामाला पगार नाही, म्हणून जंगलाच्या कामालाही नको, असा हिशेब मांडायला समाजाला वेळ लागत नाही.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण टाळता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात, ग्रामसभांच्या याच गावांत, पाळीच्या दिवसांत बाईला घराबाहेरच्या कुर्माघरात राहावं लागतं. अनेक ठिकाणी ती कुडाची खोपी असते, पावसात गळणारी, साप-विंचवाची. ग्रामसभेत जिच्या संमतीशिवाय ठराव होत नाही, तिलाच महिन्यातले चार-पाच दिवस चुलीपाशी आणि देवापाशी जागा नसते. काही गावांत आता तिथे पक्क्या खोल्या झाल्या आहेत, नळ आहे, दिवा आहे. प्रथा गेली नाही, छप्पर सुधारलं. काही जणींना तेवढं पुरेसं वाटतं आणि काही जणींना अजिबात नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी ऐकून घेत आले आहे. बाहेरून येऊन यावर निकाल देणाऱ्यांत मला मोजू नये.

गेल्या काही वर्षांत बांबू आणि तेंदूच्या पैशातून काही ग्रामसभांनी जंगलासाठी वेगळी रक्कम बाजूला काढायला सुरुवात केली आहे. जाळरेषा काढायला मजुरी, उन्हाळ्यात आगीवर नजर ठेवायला मजुरी, गस्तीला मजुरी. रक्कम मोठी नसते. पण त्यासाठी हजेरीपट लागतो, आणि त्या पटावर बाईचं नाव नवऱ्याच्या नावाखाली न येता वेगळ्या ओळीत येतं, पुढे दिवस, पुढे रुपये, पुढे तिची स्वतःची सही. जिला सही येत नाही तिचा अंगठा. शाई वाळेपर्यंत ती तो कागद सोडत नाही.